तेजूच्या परीक्षेला नेलेला आहेर

सौ. इंदूवन्संना,

भावजयीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? मोरू सांगत होता, तुम्ही मोहोपाड्याच्या बाजारात काठीशिवाय फिरताना दिसलात. ऐकून बरं वाटलं. (मग तो म्हणाला, काठी घरी विसरल्या असतील. तेव्हा बरं वाटलेलं निम्मं गेलं.) इकडे आईंची तब्येत ठणठणीत आहे. आवाजही पहिल्यासारखाच आहे, म्हणजे आमच्या ओट्यावरून बोलल्या की खालच्या आळीला वेगळं सांगावं लागत नाही. लावणी उरकली. मधे पाऊस धरून बसला तेव्हा ओढ्याकडची दोन खाचरं बुडाली होती, पण रोपं तगली. मी बरी आहे. खालापूरच्या वाचनालयातून पुस्तकं आणते, वाचते, परत करते. गुरांचं, घरचं बघते. दिवस जातात.

फोन न करता पत्र का पाठवते, असं तुमच्या मनात येईल. हे गेल्यापासून आपण जेवढ्या वेळा फोनवर बोललो तेवढ्या वेळा दोघी रडलो आहोत, आणि बोलायचं ते राहून गेलं आहे. एकदा तर मी तशीच बसले आणि गॅसवरचं दूध पार करपलं. पत्रात माणसाला मधेच उठून डोळे पुसून येता येतं, आणि समोरच्याला कळतही नाही. म्हणून हे मोरूच्या हाती देते आहे. त्याचा टेंपो रसायनीला जातोच.

जुनं काही काढायचं नाही, असं ठरवून लिहायला बसले आहे. त्या दुपारचं, बाराव्याला आई चारचौघांत विलासरावांना जे बोलल्या ते, आणि तेव्हापासून चार वर्षं तुम्ही दोघं माहेरचा उंबरा चढला नाहीत ते, यातलं काही नाही. तुम्हाला फक्त तेजूच्या वर्गाची हकिकत कळवायची आहे. मागणं काही नाही.

तेजूला इंग्लंडातल्या विद्यापीठात जागा मिळाली, शिष्यवृत्तीही मिळाली, हे कॉलनीत तुमच्या कानावर आलंच असेल. विषय सार्वजनिक आरोग्याचा आहे. म्हणजे एका रोग्याला औषध द्यायचं नाही, सगळा गाव आजारी का पडतो ते शोधायचं. पण विद्यापीठानं अट घातली की आधी पावसाळाभर इंग्रजीचा एक कडक वर्ग करायचा, शेवटी तज्ज्ञांसमोर बोलून दाखवायचं, आणि त्यात पास झाली तरच यायचं. मला राग आला. पोरगी बी.एस्सी. इंग्रजीतून झाली, आता आणखी कसलं इंग्रजी? तर वर्गाच्या विनिता मॅडमनी मला समोर बसवून समजावलं. तासभर व्याख्यान ऐकून त्यातलं मोजकं टिपायचं. चाळीस पानं वाचून ती अर्ध्या पानात मांडायची, पण दुसऱ्याचे शब्द उचलायचे नाहीत. आणि दहाजणांत बसून 'मला हे पटत नाही' असं म्हणायचं, पण समोरच्याला लागू द्यायचं नाही. मी म्हटलं, हे शेवटचं मराठीत शिकवत असाल तर आमच्या गावाची नावं घाला, पहिलं नाव आमच्या सासूबाईंचं. मॅडम हसल्या. मी थट्टा केली नव्हती.

हा वर्ग कर्जतला एका मंगल कार्यालयात भरत असे. चातुर्मासात मुहूर्त नाहीत, कार्यालयं ओस पडलेली, म्हणून वर्ग चालवणारे ट्रस्टवाले पावसाळ्यापुरतं एक भाड्यानं घेतात. वधूपक्षाच्या खोलीत वाचन, वरपक्षाच्या खोलीत लेखन, आणि जेवणाच्या हॉलमध्ये गटचर्चा. व्याख्यान स्टेजवरून, नवरा-नवरीच्या लाल मखमली सोफ्यापुढे उभं राहून. मागच्या भिंतीवर कुठल्याशा जोडप्याची थर्माकोलची अक्षरं राहून गेली होती, ती कुणी काढली नाहीत. तेजू सकाळच्या एसटीनं जायची आणि दिवेलागणीला ओली होऊन यायची.

वर्गाचा परिणाम घरात लगेच दिसायला लागला. जेवलीस का विचारलं तर म्हणायची, "थोडंफार जेवले, असं म्हणता येईल." पाऊस येईल का विचारलं तर म्हणायची, ढगांवरून तसं दिसतं, पण खात्रीनं सांगणं कठीण आहे. हे तिचं इंग्रजीतलं वळण. तिथे म्हणे कुठलीच गोष्ट ठासून सांगायची नाही, हातात पुरावा असेल तेवढंच बोलायचं. म्हैस आटली तेव्हा आई म्हणाल्या, शेजारीण गोठ्यात डोकावून गेली म्हणून आटली. तेजू म्हणाली, "आजी, दूध कमी झालं हे खरं. ती डोकावली हेही खरं. पण एकामुळं दुसरं झालं, हे कशावरून?" आई म्हणाल्या, मी या डोळ्यांनी बघितलं. तेजू म्हणाली, तू तिला बघितलंस, आटण्याचं कारण कुठं बघितलंस? त्या दिवशी आई नातीशी जेवणापर्यंत बोलल्या नाहीत. मग मला हळूच विचारलं, पोरीवर कुणी करणी तर केली नसेल? आणि माझ्या तोंडाकडे बघून स्वतःच म्हणाल्या, "पन पुरावा काय म्हना."

दुसरा नियम, लिहिताना 'मी' म्हणून लिहायचं नाही. मॅडम लाल पेनानं 'मी' खोडायच्या. तेजू चिडायची, मला मात्र तो नियम आवडला. हे गेल्यापासून तुला कसं वाटतं, तू कशी आहेस, असं इतक्या जणांनी विचारलं आहे, की ज्यात 'मी' नाही असं वाक्य म्हणजे मला सावलीत बसल्यासारखं वाटतं. तिच्या शाळेच्या पुस्तकांवर मी जे इंग्रजी शिकले त्यावर तिची टिपणं वाचत असे. मला वाचता येतं, पण खाचरातून चालल्यासारखं, एक पाय काढायचा, मग दुसरा.

शेवटी शेवटी तिनं टिपणं लपवायला सुरुवात केली. मी जवळ गेले की लॅपटॉप मिटायची. विषय काय घेतलास विचारलं तर म्हणायची, रस्ते. मला वाटलं, एखादा मुलगा असेल. (असता तर बरं झालं असतं.)

आता आहेराचं सांगते. मॅडमचा मोबाइलवर निरोप आला की येत्या गुरुवारी अकरा वाजता अमुक मंगल कार्यालयात विद्यार्थी आपला विषय मांडतील, पाहुणे प्रश्न विचारतील, घरच्यांनी अवश्य यावं. मी तो आईंना वाचून दाखवला. आईंनी त्यातलं वार, वेळ, मंगल कार्यालय, पाहुणे आणि घरच्यांनी अवश्य यावं, एवढंच घेतलं. मी सांगितलं की ही परीक्षा आहे. आई म्हणाल्या, "परीक्षेला घरच्यांना कोन बोलावतंय? आनि ती पन कार्यालयात?" त्यांचं म्हणणं पडलं की पोरीनं स्वतः जमवलं आहे, लाजेनं परीक्षा म्हणते, आणि हा बघण्याचा कार्यक्रम आहे. तुला वाचता येतं, पण समजत नाही, असंही मला म्हणाल्या. बुधवारपर्यंत आळीत ही बातमी झाली आणि मोरूनं न सांगता टेंपो धुतला.

गुरुवारी आळीतल्या बायकांना घेऊन आम्ही टेंपो भरून कर्जतला उतरलो. सोबत नारळ, खण, चकचकीत कागदात गुंडाळलेला स्टीलचा डबा, आणि मुलाकडच्या पुरुषमाणसासाठी टॉवेल-टोपी. वन्सं, तुम्ही असतात तर आईंना आवरलं असतंत. मला त्या ऐकत नाहीत. आत सात-आठ मुलं कागद हातात धरून पुटपुटत बसली होती, आणि आमच्या बायका नव्या लुगड्यांत ओळीनं पुढच्या खुर्च्यांवर बसल्या. मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं, पण त्यांनी कुणाला उठवलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. स्टेजवर त्याच मखमली सोफ्यावर दोन परीक्षक बसले होते. एक तिशीतले, बारीक, दाढीवाले वाल्मिक सर, मुंबईहून आलेले. शेजारी चष्मा लावलेल्या एक पोक्त बाई. आईंनी एकदा बघितलं आणि निकाल दिला. "पोरगा हडकुळा हाय, पन आय बरी दिसते."

मी धरायच्या आत आई स्टेजपर्यंत पोचल्या. बाईंना विचारलं, जमीन किती? बाई म्हणाल्या, जमीन नाही हो, फ्लॅट आहे. कितव्या मजल्यावर? सातव्या. आईंचा चेहरा पडला. मग वाल्मिक सरांना सांगितलं की आमची पोर शिकलेली असली तरी तांदळाची भाकरी हातावर करते, पाटावर नाही. त्यांनी मान डोलवली आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. (काय लिहिलं असेल, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.)

तेजूचं नाव पुकारलं. ती पुढं आली, आम्हाला बघितलं, आणि तिचा चेहरा असा झाला की आम्ही यायला नको होतं हे मला तिथंच कळलं. आमच्या लुगड्यांची, आहेराची तिला लाज वाटली असं मला वाटलं. मला वाईट वाटलं. ते तसं नव्हतं.

पडद्यावर तिनं नकाशा लावला. आपलाच रस्ता होता तो, फाटा, ओढ्यावरचा पूल, पुढं दवाखाना. विषय असा होता की डोंगराच्या पायथ्याच्या गावांतून हृदयाचे रोगी दवाखान्यात उशिरा का पोचतात. सावकाश बोलत होती, मला बरंच कळत होतं. मग म्हणाली, एक उदाहरण घेऊ, आणि पडद्यावर ओळी आल्या. मी त्या एकेक पाय काढत वाचल्या. पुरुष, वय सत्तेचाळीस. शेतकरी, शिवाय कारखान्यात कंत्राटी काम. भातकापणी चालू असताना दुपारी छातीत दुखू लागलं. गाडी असलेल्या नातेवाइकाला फोन केला. पित्त असेल, सोडा द्या, शिफ्ट सुटली की येतो, असं उत्तर आलं. गाडी संध्याकाळी आली. दवाखान्यात पोचण्यापूर्वी मृत्यू.

नाव नव्हतं. माझे वडील असं कुठं नव्हतं. 'मी' तर नव्हताच. त्या ओळींत कुणी रडत नव्हतं, कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. मी इतके दिवस ज्या नियमाचं कौतुक करत होते तो असा माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

वन्सं, जुनं काढणार नाही असं वर लिहिलं आहे. मी काढलेलं नाही. तुमच्या भाचीनं काढलं, परक्या माणसांसमोर, आणि तिच्या तोंडून मीही ते तिथं पहिल्यांदाच ऐकलं.

आईंनी कोपरानं ढोसून विचारलं, काय सांगते? मी म्हटलं, रस्त्याचं सांगते. ते खोटं नव्हतं. मग वाल्मिक सरांनी प्रश्न विचारला. त्या मुलांना असेच प्रश्न विचारायची पद्धत आहे, आधीच्या मुलालाही त्यांनी असंच धरलं होतं. आईंनी पुन्हा ढोसलं, आणि माझ्यात आता लपवायचं बळ उरलं नव्हतं. मी सांगितलं, ते विचारतायत की गाडी वेळेत आली असती तर हा माणूस वाचला असता, हे कशावरून.

आई उभ्या राहिल्या. कुणाबद्दल चाललंय हे त्यांना तेवढ्यानं कळलं. स्टेजकडे बघून म्हणाल्या, "सगल्या गावाला ठावं हाय. जावयानं गाडी आनली नाय म्हून माजा दशरथ गेला. इचारा कुनाला पन." वाल्मिक सरांनी तेजूकडे बघितलं, नकाशाकडे बघितलं, हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांना कळलं असावं. मराठीतच म्हणाले, थांबायचं असेल तर थांबू या. तेजूनं मान हलवून नाही म्हटलं.

तिनं हातातला कागद घडी करून बाजूला ठेवला. मला वाटलं, गेलं हिचं इंग्लंड. मग ती बोलली, इंग्रजीतच, कारण परीक्षेत दुसरी भाषा चालत नाही. बोलली आणि माझ्याकडे बघून एवढंच मराठीत म्हणाली, "आई, आजीला सांग."

मी उठले. भरल्या सभेत मी आयुष्यात कधी बोललेले नाही. मी म्हटलं, "आई, ती म्हणते, तसं म्हणता येत नाही. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे झटका फार मोठा होता. असे काही जण वेळेत नेले तरी जातात, काही वाचतात. हे कशातले होते ते कुणालाच माहीत नाही. गाडी लगेच आली असती तरी गेले असते कदाचित. कुणा एका माणसामुळं गेले असं म्हणायला पुरावा नाही."

आई उभ्याच होत्या. भांडतील असं वाटलं. पण अगदी हळू, त्यांचा नव्हेच अशा आवाजात मला म्हणाल्या, "मंग मी चार वरसं कुनावर राग धरला गं?"

त्या बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, त्या पोराला नारळ दे. मी दिला, बाईंना खण दिला. वाल्मिक सर उठून उभे राहिले, टॉवेल खांद्यावर घेतला, टोपी डोक्यावर ठेवली. (उरलेल्या मुलांची परीक्षा त्यांनी टोपी घालूनच घेतली. काढली तरी चालते, हे त्यांना सांगायचं कुणाला सुचलं नाही.)

तेजू पास झाली. मॅडमनी सांगितलं, तिच्या त्या उत्तराला सगळ्यात जास्त गुण पडले, कारण माहीत आहे तेवढंच ती बोलली. आळीत मात्र असं ठरलं आहे की मुलाकडच्यांनी पसंती कळवली नाही, आणि बायका येऊन माझं सांत्वन करून जातात. मी करू देते.

एक तुम्हालाच लिहिते. पास झाली म्हणून मला आनंद झाला, पण त्या उत्तरानं मला आधार वाटला असं नाही. वाचले असते, हे मलाही हवं होतं. कुणावर तरी बोट ठेवता आलं की दुःखाला बसायला एक पाट मिळतो. आता ते घरभर फिरतं. पहाटे चुलीपाशी भेटतं, गोठ्यात भेटतं. तेजूला मी विचारलं, तुला हे कधीपासून माहीत होतं? ती म्हणाली, या विषयावर वाचायला लागल्यापासून. मग घरात का नाही बोललीस? तर म्हणाली, मराठीत बोलायला घेतलं की रडू यायचं.

येताना आई टेंपोत पुढं, मोरूशेजारी बसल्या आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. (मोरू घाबरून दोनदा चुकीच्या फाट्याला वळला.) त्यानंतर म्हैस, शेजारीण, मी, कुणालाच काही बोलल्या नाहीत. आज सकाळी मात्र माळ्यावरून वालाचा डबा काढायला लावला आणि मोठं पातेलं भरून वाल भिजत घातले. घरात खाणारी आम्ही तीन माणसं. कुणासाठी एवढे, विचारलं तर म्हणाल्या, तुला काय करायचंय.

असो. हकिकत संपली. विलासरावांना माझा नमस्कार सांगा.

तुमची,
ललिता

ता. क. तेजूचं विमान पुढच्या महिन्यात, गणपती उठले की लगेच आहे. मोरू टेंपो न्यायला तयार आहे, पण पावसात बॅगा भिजतील, आणि पुन्हा फाटा चुकला तर विमान थांबणार नाही. विलासरावांची गाडी आहे ना अजून, तीच? त्यांनी ती घेऊन यावं आणि तेजूला सोडावं. तेजू म्हणते, ती दुसऱ्या कुठल्या गाडीत बसणार नाही. मागणं काही नाही असं वर दोनदा लिहायला निघाले होते, एकदाच लिहिलं, तेही खरं नव्हतं. आणि त्यांना सांगा, पित्त असेल असं त्या दुपारी कुणालाही वाटलं असतं.

ता. क. त्या दिवसापर्यंत मात्र थांबू नका. वालांना मोड येऊन रविवारी सोलायला होतील, आणि एवढे वाल सोलायला माझे एकटीचे हात पुरणार नाहीत.

ता. क. पत्र बंद करण्याआधी आईंना वाचून दाखवलं. टॉवेल-टोपीसकट सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मी बोलावलंय असं लिव्हू नको." म्हणून ते कुठंही लिहिलेलं नाही. फक्त एवढं विचारायला सांगितलं आहे, की जावईबापूंना साखर झालीय असं ऐकलं, तर वालाच्या बिरड्यात गूळ घालायचा की नाही. मोरू दारात उभा असेल, त्याच्याजवळ सांगा.